वाकवणाऱ्याचं लोखंड

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात धातूला दोन न्याय आहेत. खामगावला रजतनगरी म्हणतात. तिथे पैंजण घ्यायला गेलेली बाई शुद्धता विचारते, घडणावळ विचारते, उद्या मोडीत घातलं तर किती धराल तेही आजच विचारून ठेवते. तीच बाई घरी आल्यावर नवऱ्याने भंगारातून उचलून आणलेल्या वीस किलोच्या ठोकळ्याकडे बघते आणि एवढंच म्हणते, "हे आता कुठं ठेवणार?" ठोकळ्यात कार्बन किती, क्रोमियम किती, हा प्रश्न तिलाही पडत नाही आणि त्यालाही नाही. लोखंड ते लोखंड. जड असलं की चांगलं. गंजलेलं असलं की जुनं, म्हणजे आणखी चांगलं.

बुलढाण्याहून मलकापूरकडे निघालं आणि राजूर घाट उतरला की मोताळा येतं. या रस्त्याच्या कडेने वेल्डिंगची दुकानं आहेत. बाहेर उभं केलेलं अर्धवट गेट, आत ग्राइंडरचा आवाज, आणि मध्ये एका खुर्चीवर बसलेला, दुकानाशी काहीही संबंध नसलेला एक माणूस. अशा एका दुकानातली ती खुर्ची बरेचदा माझ्याकडे असते. दुकान भाऊचं आहे. हिशेबाची वही वहिनीकडे आहे. मी चहाच्या वेळेचा आहे.

भाऊ सगळं करतो. खिडकीच्या जाळ्या, ट्रॉलीचे फाळके, गोठ्याचं शेड. पण उन्हाळा उतरणीला लागला की सायकल डवऱ्याचा हंगाम सुरू होतो. सायकलचं एक चाक, दोन दांडे, खाली पास, म्हणजे तण कापणारं पातं. बैलजोडी परवडेनाशी झाल्यावर कपाशी-सोयाबीनच्या तासातून माणसानेच ढकलायचं हे यंत्र आमच्या भागात चांगलं रुजलं आहे. या डवऱ्यात पास धरून ठेवायला ५० बाय ६ च्या पट्टीचा वाकवलेला क्लॅम्प लागतो. भाऊ तो आजवर पट्टी व्हाइसमध्ये धरून घणाने वाकवत आला. त्यामुळे प्रत्येक क्लॅम्पला स्वतंत्र स्वभाव होता. एकाचा बोल्ट दुसऱ्याला बसेल याची खात्री नाही, आणि गिऱ्हाईक म्हणे, "माह्या डवऱ्याची पास तिरपी काहून चालते?"

म्हणून भाऊने ठरवलं की यंदा डाय करायची. लोखंडी चौकट, मध्ये ट्रकचा हायड्रोलिक जॅक, खाली व्हीच्या आकाराची खाच, वरून पंच. पट्टी मध्ये ठेवायची, जॅक मारायचा, काटकोन हजर. बेत चांगला होता. पण भाऊने एक गोष्ट केली जी मोताळ्यासारख्या गावात करायची नसते. त्याने हा बेत दुकानाच्या दारात उभं राहून मोठ्याने सांगितला आणि वर विचारलं, "डायला स्टील कोणतं वापरावं?"

चहाचे ग्लास वाढले.

पहिला बोलला तो पाट्याचा पक्ष. ट्रकच्या कमानीचा पाटा म्हणजे लोखंडातला हिंदकेसरी, अशी या पक्षाची श्रद्धा. पक्षप्रमुख निवृत्त ट्रक ड्रायव्हर. "गाडीचं सगळं वजन झेलते हे. खड्ड्यात आदळते, मोडते काय? मंग तुही पट्टी काय चीज हाये त्याच्यापुढं?" बिनतोड युक्तिवाद. पाट्याचं पोलाद खरंच उत्तम असतं. अर्धा-पाऊण टक्का कार्बन, जोडीला सिलिकॉन आणि मँगॅनीज, आणि कारखान्यात नीट पाणी चढवलेलं. अडचण एवढीच की त्याला भोक पाडायला गेलं तर ड्रिलचं पान जळतं. भोक पाडायचं असेल तर पाटा लालबुंद तापवून राखेत पुरायचा आणि रात्रभर हळूहळू थंड होऊ द्यायचा. म्हणजे ज्या गुणासाठी तो आणला तो गुण आधी काढून टाकायचा आणि मग कामाला घ्यायचा. शिवाय साध्या रॉडने त्याला वेल्डिंग मारलं तर संध्याकाळी जोड झकास दिसतो आणि सकाळी त्याच्या कडेने केसाएवढी चीर गेलेली असते. आणि भंगारात आलेला पाटा तिथे हौसेने आलेला नसतो. लाख खड्डे खाऊन, थकून, बहुधा आतून एखादी भेग घेऊनच तो ट्रकमधून उतरलेला असतो.

दुसरा पक्ष रुळाचा. मलकापूर जवळ, भुसावळ-नागपूर लोहमार्ग १८६७ पासूनचा, त्यामुळे आमच्या भागात रेल्वेविषयी आत्मीयता जुनी आहे. रुळाचा हातभर तुकडा नाही असं लोहारकामाचं दुकान शोधून सापडायचं नाही. ऐरण म्हणून तो झकास चालतो. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात, त्यात आम्ही रुळाच्या तुकड्याची भर घातली आहे. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याबद्दल १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे, हे मात्र कुणी विचारलं नाही तरी लक्षात ठेवावं. भाऊच्या दुकानातला तुकडा लिलावातल्या भंगारातून आलेला आहे, असं भाऊ सांगतो, आणि आम्ही सगळे मान डोलावतो. तर रुळाचं पोलादही पाट्याच्याच बिरादरीतलं, पाऊण टक्क्याच्या आसपास कार्बनचं. मीटरला ५२ किंवा ६० किलो भरतं. त्यात व्हीची खाच कोरायची तर ग्राइंडरच्या चकत्यांची माळ लागते.

तिसरा पक्ष बेअरिंगचा. हा पक्ष लहान, पण कडवा. मोटर रिवायंडिंगवाल्याचं म्हणणं असं की जगात बेअरिंगच्या कपाएवढं कडक काहीच नाही. त्याच्यावर कानस घासली तर कानसच गुळगुळीत होते. खरं आहे. एक टक्का कार्बन, दीड टक्का क्रोमियम. ई.एन. ३१ म्हणतात ते हेच.

चौथा पक्ष स्लॅबवाल्यांचा. "घरकुलाच्या सळया उरल्या हायेत, घेऊन जा." जालना आमच्या जिल्ह्याच्या वेशीला लागून, आणि जालन्याच्या रोलिंग मिलची सळई विदर्भ-मराठवाड्यात घराघरांत. फुकट मिळणाऱ्या स्टीलची प्रत नेहमीच चांगली वाटते. त्यातही गंमत अशी की सळईवर ५०० चा आकडा असतो तो पोकळ नाही. साधं एम.एस., म्हणजे माइल्ड स्टील, जिथे प्रत्येक चौरस मिलिमीटरला २५० न्यूटनवर हार मानतं, तिथे ही सळई ५०० पर्यंत टिकते. पण ते बळ बऱ्याच अंशी तिच्या कातडीत असतं. मिलमध्ये लाल सळईवर पाण्याचा मारा करून बाहेरचा थर कडक करतात, गाभा मऊ राहतो. म्हणजे सळई ग्राइंडरने घासून गुळगुळीत केली की बळाची साल निघाली, आणि नाही घासली तर प्रत्येक क्लॅम्पवर तिच्या फासळ्यांचे ठसे उमटणार.

पाचवा पक्ष पुण्याहून आला. हा भाऊचा भाचा, इंजिनीअर, सुट्टीला आलेला. त्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं, मोबाइल काढला आणि म्हणाला, "मामा, डायला एचसीएचसीआर लागतं. नाहीतर निदान ओएचएनएस. भोसरीहून हीट ट्रीटमेंट करून आणू. बॉडीला ई.एन. ८ चालेल." चार वाक्यांत एवढी इंग्रजी अक्षरं ऐकून दुकानात क्षणभर आदर पसरला. पाट्याच्या पक्षप्रमुखानेही ग्लास खाली ठेवला.

या ई.एन. आकड्यांचीही मजा आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, ब्रिटनने पोलादाचे नाना प्रकार आवरून एक यादी केली, तिचे हे नंबर. साहेब इथून गेला. पुढे त्याने स्वतःच्या देशात हे नंबर मोडीत काढून नवे लावले. आपण मात्र ते जपून ठेवले आहेत. आजही मलकापूरच्या लेथवाल्याला इंग्लंडमधला नवा नंबर सांगितला तर तो मोबाइल नंबर समजून लिहून घेईल. ई.एन. ८ म्हटलं की लगेच गोल बार काढून देतो.

भाच्याचं म्हणणं चूक नव्हतं. एचसीएचसीआर म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास कार्बन आणि सुमारे बारा टक्के क्रोमियम. कारखान्यात लाखो नग पाडणाऱ्या डाय त्याच्याच करतात. फक्त ते हजार अंशांच्या वर तापवावं लागतं, ठरल्या वेळेपर्यंत तिथेच धरावं लागतं, मग दोनदा तरी उतरत्या तापमानाला शांत करावं लागतं. भाऊच्या भट्टीला तापमापक नाही. तापमानाचे तिथे तीनच आकडे आहेत: तापलं, लाल झालं, आणि "अबे, काढ काढ!"

आता प्रश्न ओळखीचा आला. दुकानामागच्या ढिगात जे पडलं आहे ते नेमकं कोण? भंगारवाले काका म्हणाले, "अस्सल पोलाद हाये." ढिगातल्या कुठल्याही तुकड्यावर बोट ठेवा, उत्तर तेच. अक्षयतृतीयेला भेंडवळच्या घटमांडणीतून पाऊसपाणी सांगतात, त्याला निदान रात्रभर वाट तरी बघावी लागते. काका बोट ठेवल्याबरोबर सांगतात.

पण काकांना हसण्यात अर्थ नाही. पोलाद ओळखताना भले भले घसरले आहेत. आमच्याच मोताळा तालुक्यात रोहिणखेड आहे. तिथे १४३७ साली बहमनींची खानदेशच्या सुलतानाशी लढाई झाली, आणि १५९०च्या सुमारास अहमदनगरच्या गादीसाठी पुन्हा. त्या काळी दख्खनच्या पोलादाचा जगात दबदबा होता. तेलंगणातल्या निर्मळ, कोनसमुद्रम भागात मुशीत वितळवून ते करत, आणि त्याच्या वड्या पार इराणपर्यंत जात. पुढे हे पोलाद लंडनला पोचलं आणि एका चाकू-सुऱ्या करणाऱ्याच्या नादाने मायकेल फॅरेडेने त्याचं पृथक्करण केलं. फॅरेडे स्वतः लोहाराचा मुलगा. १८१९ साली त्याने निष्कर्ष छापला की या पोलादाची करामत त्यातल्या वाळूच्या आणि तुरटीच्या कुळातल्या घटकांमुळे आहे. ते खरं नव्हतं. करामत मुख्यतः कार्बनची. विजेचं अर्धं शास्त्र ज्याने उभं केलं त्याचा पोलादाचा अंदाज चुकतो, तर काट्यावर उभे राहून भाव लावणाऱ्या काकांना आपण कोणत्या तोंडाने बोलायचं?

ओळखीची एक गावठी परीक्षा मात्र चांगली आहे, आणि ती भाऊला येते. तिन्हीसांजेला दुकानातला दिवा घालवायचा, ग्राइंडर चालू करायचा आणि तुकडा चाकाला नुसता टेकवायचा. एम.एस. असेल तर लांब, सरळ, पिवळसर रेघा निघतात आणि टोकाला क्वचित एखादा फाटा फुटतो. पाटा टेकवला की रेघ थोडी आखूड होते, पण टोकाटोकाला चांदण्या फुटू लागतात. कार्बन जितका जास्त तितका चांदण्यांचा गर्दा. बिडाचा तुकडा असेल तर ठिणग्या लालसर, आखूड आणि चाकाजवळच विझणाऱ्या. दिवाळीची फुलबाजी हीच विद्या आहे. तिच्यातही लोखंडाचाच कीस जळत असतो. भाऊ ढिगातले तुकडे एकेक टेकवत गेला आणि काकांच्या अस्सल पोलादापैकी बहुतेक सगळं साधं एम.एस. निघालं. काका शांतपणे म्हणाले, "मंग अस्सल एम.एस. हाये."

वादाचा निकाल लागत नव्हता. पाटा की रूळ, रूळ की ई.एन. ३१. तेवढ्यात वहिनी वही घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी तो प्रश्न विचारला जो एकाही पक्षाला सुचला नव्हता.

"क्लॅम्प किती वाकवायचे हायेत?"

भाऊ म्हणाला, "यंदाच्या हंगामाला दोनशे. झाले तर तीनशे."

"आन् भाचेबुवा म्हणतात ती डाय किती वाकवते?"

"लाख-दोन लाख तरी, मामी."

"म्हणजे आपल्या नातवंडांच्या लग्नापर्यंत डवरेच विकत बसायचे?" असं म्हणून त्या आत गेल्या. सभा तिथेच बरखास्त व्हायला हवी होती. पण चहा अजून यायचा होता.

भाचा मात्र हुशार. त्याने तो टोला मनाला लावून घेतला नाही, कागद घेऊन हिशेब मांडला. वाकवण्याच्या धंद्यात एक सोपं सूत्र आहे. खाचेचं तोंड पट्टीच्या जाडीच्या आठपट ठेवायचं. पट्टी ६ मिलिमीटर, म्हणजे तोंड ४८, धरा ५०. मग जाडीचा वर्ग, म्हणजे ३६, त्याला पट्टीच्या रुंदीने गुणायचं, रुंदी मीटरमध्ये, म्हणजे ०.०५, त्याला ६५० ने गुणून खाचेच्या तोंडाने, ५० ने, भागायचं. उत्तर येतं साधारण २३ किलोन्यूटन. बोलीभाषेत अडीच टनांच्याही आत.

अडीच टन! दुकानात दहा टनी जॅक, आणि वाद चालला होता रणगाडा वाकवायच्या पोलादाचा.

भाच्याने पुढे जाऊन पंचाच्या नाकाचाही हिशेब केला, आणि माझ्या मते सगळ्या चर्चेचं सार त्या एका हिशेबात आहे. अडीच टनांचा जोर पट्टीवर ५० मिलिमीटर लांबीत पडणार. पंचाचं नाक गोलसर ठेवून टेकण्याची जागा ३ मिलिमीटर रुंद धरली, तर १५० चौरस मिलिमीटरवर भार वाटला जातो. प्रत्येक चौरस मिलिमीटरला सोळा किलोच्या आसपास. साधं एम.एस. पंचवीस किलोपर्यंत तग धरतं. म्हणजे सगळ्या पक्षांनी नाक मुरडलेलं तेच गरीब लोखंड इथे आरामात चालतं. आता तेच नाक हौसेने घासून अर्ध्या मिलिमीटरची धार काढली, तर प्रत्येक चौरस मिलिमीटरला नव्वदच्या वर किलो. तिथे एम.एस. चेपटं होईल, आणि कडक पोलाद असेल तर टवका उडेल. हिशेब ढोबळ आहे, पण धडा पक्का आहे: लोखंडाची जात बदलण्याआधी नाकाचा आकार बदला. वाकणाऱ्या पट्टीची आतली गोलाई तशीही पंचाच्या धारेवर फारशी अवलंबून नसते. खाचेच्या तोंडाच्या सहाव्या हिश्श्याइतकी ती आपोआप येते, आपल्या हिशेबात ८ मिलिमीटर. धार लावून फक्त पंच मरतो.

खाचेचं तोंड मात्र भलतं महत्त्वाचं. "खाच बारीक ठेवू, कोन टोकदार येईल," असं कुणीतरी म्हणालं. तोंड निम्मं केलं की जोर दुप्पट लागतो. आणि तीच खाच ठेवून पट्टी दुप्पट जाड केली तर चौपट. डाय मोडणारे बहुतेक जण लोखंडाला दोष देतात, खाचेचं माप घेत नाहीत.

यानंतर भाचा एक वाक्य बोलला आणि मोताळ्यातला त्याचा सगळा मान गेला. तो म्हणाला, "पाटा आणि एम.एस., सारख्याच मापाचे असतील तर सारख्याच वजनाखाली सारखेच लवतात."

पाट्याचा पक्षप्रमुख खुर्चीतून उठला. "पुण्याले हेच शिकवतात काय?"

पण ते खरं आहे. लवचिकतेच्या मर्यादेत सगळ्या पोलादांचा ताठपणा जवळजवळ एकच असतो. स्वस्तातलं घ्या, महागातलं घ्या, पाणी चढवलेलं घ्या, न चढवलेलं घ्या. फरक पुढे पडतो. एम.एस. थोडं जास्त लवलं की तसंच वाकडं राहतं, पाटा बराच लवूनही परत येतो. म्हणजे चौकट जॅकखाली लवत असेल तर भारी पोलाद आणून उपयोग नाही, माप बदलायला हवं. खोली दुप्पट केली की लवणं आठव्या हिश्श्यावर येतं. भाऊने आदल्या वर्षी जॅकसाठी केलेली चौकट लवत होती, आणि तो वर्षभर चॅनलच्या कंपनीला शिव्या देत होता. बघितलं तर चॅनल आडवा झोपवून जोडलेला. का? तर आडवा दिसायला सपाट, छान दिसतो. तोच चॅनल उभा केला की सहा-सात पट ताठ. पैसा शून्य. हा शोध लागल्यावर भाऊ काही बोलला नाही, फक्त ग्राइंडरला नवी चकती लावली.

तरीही बेअरिंगच्या पक्षाने आपला प्रयोग करून घेतलाच. कडवे कार्यकर्ते ऐकतात कुठे? कपाचा तुकडा जॅकखाली आडवा ठेवून जॅकचे चार-पाच हात मारले. मी खुर्चीसह दाराबाहेर होतो. टक्कन आवाज झाला. ना कपाने वाकून इशारा दिला, ना कुरकुर केली. नखाएवढा तुकडा सुटला आणि बाजूच्या पत्र्यातून आरपार गेला. पत्र्याला गेलेल्या भोकाची कड बाहेरच्या अंगाला पाकळीसारखी उमललेली होती. दुकानात थोडा वेळ ग्राइंडरसुद्धा बंद होता.

मोडेन पण वाकणार नाही, हा बाणा आपल्याकडे फार मानाचा. शाळेच्या भिंतीवर लिहिलेला असतो, लग्नपत्रिकेतल्या आजोबांच्या नावामागे अदृश्य छापलेला असतो. माणसात तो शोभत असेलही. पण दहा टनी जॅकखाली हा बाणा बाळगणारं पोलाद ठेवलं तर ते खरोखरच दिलेला शब्द पाळतं, आणि शब्द पाळताना समोर कुणाचा डोळा आहे हे बघत नाही. एम.एस. मात्र जड झालं की आधी वाकतं. चौकट तिरपी होते, पंचाचं नाक बसतं, जॅकचा दांडा हाताला मऊ लागतो. वाकणारं लोखंड तुम्हाला थांबायला वेळ देतं.

पाणी चढवण्याच्या प्रकरणातही हेच. भाऊच्या शेजारी बसणाऱ्या एका हौशी गृहस्थांनी एम.एस.चा पंच लालभडक तापवून हौदात बुडवला. चर्र आवाज झाला, वाफेचा लोट उठला, पोरं टाळ्या वाजवायला लागली. दृश्य भव्य. परिणाम असा की पंच धुऊन निघाला. ज्यात पाव टक्काही कार्बन नाही ते पाण्यात घालून तलवार होत नसतं. आणि पाट्याचा तुकडा तसाच बुडवला तर तो कडक होतो, पण काचेसारखा ठिसूळही. त्याला तेलात विझवावं लागतं. आधी लोहचुंबक चिकटेनासा होईपर्यंत, म्हणजे सुमारे ७७० अंशांच्या थोडं वर तापवून, आणि मग पुन्हा मंद शेकून त्याचा ताठा उतरवावा लागतो. घासून चकचकीत केलेल्या अंगावर आधी गवताच्या काडीचा पिवळा रंग चढतो, मग जांभळा, मग निळा. हा दुसरा शेक न देता कुणी पाटा कामाला घेतला, तर त्याने बेअरिंगवाल्यांच्या पक्षात प्रवेश केला असं समजावं. भाच्याने हा शेक वहिनींच्या कढईत, तापल्या तेलात देता येईल असं सुचवून पाहिलं. कढई तेव्हापासून आत कुलपात असते.

शेवटी डाय झाली ती अशी. खाली २० मिलिमीटरची एम.एस. प्लेट. तिच्यावर २५ चे दोन गोल बार, समांतर, ५० चं अंतर ठेवून वेल्ड केलेले. तीच खाच. कोरायची गरज नाही, पट्टी गोलाईवरून सरकत आत जाते, ओरखडे पडत नाहीत. वरचा पंचही जाड प्लेटचाच, नाकाला १२ चा गोल बार जोडलेला. मलकापूरहून ई.एन. ८ चा तुकडा सहज मिळाला म्हणून नाकाला तो लावला, जोडण्याआधी चांगला शेकून घेतला, कारण ०.४ टक्के कार्बन म्हणजे चिरण्याची थोडी खोड असतेच. तो नसता मिळाला तरी काही अडलं नसतं. चौकटीचा चॅनल उभा. पाटा नाही, रूळ नाही, भोसरी नाही. पक्षांनी निषेध नोंदवला आणि बिस्किटं संपवली.

पहिला क्लॅम्प काढून भाऊने गुण्या लावला. काटकोनात दोन अंश कमी. "पाय, सांगत होतो ना," पाट्याचा पक्षप्रमुख खुशीत आला. पण तो डायचा दोष नव्हता. कुठलंही लोखंड वाकवून सोडलं की ते अंगातली थोडी रग परत काढतं, एम.एस. एखाद-दोन अंश, पाट्यासारखं पोलाद त्याहून पुष्कळ. म्हणून नव्वद हवे असतील तर दोन अंश पुढे दाबायचं. खाली व्हीचा बंद ठोकळा असता तर पुढे दाबायला जागाच उरली नसती. दोन बारांच्या मधली जागा मोकळी होती, म्हणून जॅकचा आणखी अर्धा हात मारला आणि गुण्या चपखल बसला. त्यानंतरचे क्लॅम्प एकमेकांचे बोल्ट बदलून घेतील इतके सारखे निघाले.

वहिनींनी वहीत लिहिलं: प्लेट, बार, रॉड, चकत्या, चहा. सगळ्यात मोठी रक्कम चहाची होती.

तेव्हा घरच्या घरी डाय करणाऱ्या वाचकांना एवढंच सांगणं. पोलादाचं नाव विचारण्याआधी काय वाकवायचं, किती जाड आणि किती नग, हे वहीत लिहा. दोन-तीनशे नगांना जाड एम.एस. पुरतं, हजारांत जायचं असेल तर घासणाऱ्या जागी ई.एन. ८ लावा, आणि लाखाच्या गोष्टी लाखाचं गिऱ्हाईक आल्यावर करा. नाक गोल ठेवा, खाच आठपट ठेवा, चॅनल उभा ठेवा. ज्या पोलादाची जात आणि पाणी ठाऊक नाही ते ऐरणीला वापरा, जॅकखाली नको. डोळ्यांवर पांढऱ्या काचेचा जाड चष्मा लावा. लग्नातला काळा गॉगल चालणार नाही. आणि दाब देताना डायच्या समोर उभे राहू नका, सल्ला द्यायला आलेल्यांनाही राहू देऊ नका. डोळ्यात तुकडा गेला तर बुलढाणा गाठायला राजूर घाट चढावा लागतो, आणि घाटात वळणं पुष्कळ आहेत.